आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये स्टँडअप (रोजची छोटी बैठक), स्प्रिंट (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा), रेट्रो (टप्पा संपल्यावरचा आढावा) सगळं पाळतो, तरी शेवटच्या दोन दिवसांत टेस्टिंग तुंबतं. काय राहून जातंय?

तुमचं वाचून आमचं अंधेरीचं ऑफिस आठवलं. आमच्याकडेही दोन आठवड्यांचा स्प्रिंट, आणि दुसऱ्या बुधवारपासून टेस्टरच्या जागेभोवती गर्दी.

एके दिवशी बोर्डावरची कार्डं मोजली, एक कार्ड म्हणजे एक काम. 6 डेव्हलपर, 1 टेस्टर आणि अर्धवट कार्डं 15. त्यातली 9 टेस्टरच्या रांगेत. आठवड्याला 5 कार्डं पुरी होत होती, म्हणजे आज हातात घेतलेलं कार्ड सुटायला सरासरी 3 आठवडे. लिटल्स लॉ म्हणतात तो हाच, साधा भागाकार. प्रत्येक जण कामात होता, फक्त काम संपत नव्हतं.

मग टेस्टिंगच्या रकान्यात 3 पेक्षा जास्त कार्डं ठेवायची नाहीत असं ठरवलं. रकाना भरला की डेव्हलपरने नवं काही उचलायचं नाही, दुसऱ्याचं कार्ड टेस्ट करायला बसायचं. एक सीनियर चांगलाच उखडला. "मी काय टेस्टिंग करायला आलोय का इथे?" चार दिवस तोंड पाडून बसला खरा, पण टेस्ट डेटा हाताने भरण्यात अर्धा दिवस जातो हे त्याला तेव्हाच कळलं. त्याने स्क्रिप्ट लिहून टाकली. टेस्टर बिचारी वर्षभर तेच सांगत होती, ते सोडा.

दुसरं, स्टँडअपला माणसामाणसाला विचारत फिरू नका. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न स्क्रम गाइडनेच, म्हणजे या पद्धतीच्या मूळ नियमपुस्तिकेनेच, 2020 च्या आवृत्तीत काढून टाकले, आपल्याकडे मात्र आरतीसारखे चालू आहेत. बोर्ड उजवीकडून वाचा. जे कार्ड संपायला आलंय ते आधी, आणि त्याला आज कोण हात लावणार एवढंच विचारायचं. आणि वेळ जरा उशिराची ठेवा हो. डोंबिवलीहून येऊन घाटकोपरला मेट्रो पकडणाऱ्याला साडेनऊला उभं करून काय मिळतं?

रेट्रोतून एकच सुधारणा उचला आणि तिचं कार्ड करून पुढच्या स्प्रिंटमध्ये टाका, नाव लिहून.

मॅनेजरला आधी पटवत बसू नका. दोन स्प्रिंट कार्डांची ही मर्यादा फक्त टेस्टिंगच्या रकान्यापुरती लावून बघा. 3 हा आकडा आमचा, तुमच्याकडे टेस्टर दोन असतील तर 5 ने सुरुवात करा.