गुपित कळले, पुढे काय? जादू शिकू पाहणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी परभणीचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो असून वय सदुसष्ट आहे. दिवाळीत नातवंडे येतात, त्यांना चार जादू करून दाखवाव्यात अशी इच्छा आहे. पण बोटे आखडतात, पत्ते पिसतानाच निसटतात. या वयात हे जमेल का?

उत्तर : गुरुजी, जमेल. जादूचे प्रयोग ढोबळमानाने दोन जातींचे असतात. काही बोटांच्या चपळाईवर चालतात, तर काही पत्त्यांच्या मांडणीवर आणि साध्या गणितावर. आपण दुसऱ्या जातीपासून सुरुवात करावी. उदाहरणादाखल एकवीस पानांचा जुना प्रयोग घेऊ. कॅटमधून कोणतीही एकवीस पाने काढा, नातवाला त्यातले एक मनात धरायला सांगा आणि पाने सुलटी ठेवत, एकेक करून, तीन ओळींत सात-सात अशी वाटा. त्याचे पान कोणत्या ओळीत आहे एवढेच विचारा. ती ओळ बाकीच्या दोन ओळींच्या मध्ये ठेवून पाने गोळा करा आणि हेच आणखी दोनदा करा. तिसऱ्या वेळी पाने गोळा केल्यावर त्याचे पान वरून मोजले तरी आणि खालून मोजले तरी अकरावेच असते. कारण सरळ आहे. पहिल्या खेपेनंतर ते आठ ते चौदा या जागांपैकी कुठेतरी असते, दुसऱ्या खेपेनंतर दहा, अकरा किंवा बारा या जागेवर येते, आणि ही तिन्ही पाने पुढच्या वाटपात आपापल्या ओळीत नेमकी चौथी पडतात.

गुपित एवढेच आहे आणि ते घराघरांत अनेकांना ठाऊकही आहे. म्हणून आपले काम इथून पुढे सुरू होते. तीनदा पाने वाटणे कंटाळवाणे असते. त्याला गोष्ट हवी. आपण आयुष्यभर वर्ग सांभाळला आहे, तेव्हा ही एकवीस मुले आहेत, तीन रांगांत बसली आहेत, त्यातल्या एकाने खोडी काढली आहे आणि गुरुजी नाव न विचारता फक्त रांग विचारून त्याला पकडणार आहेत, असे सांगा. शेवटी पाने एकेक करून सुलटी टाकत जा, अकरावे पान मनात टिपून ठेवा, पण तिथे थांबू नका. आणखी तीन पाने टाका आणि म्हणा, ‘आता मी जे पान उलटवीन, तेच तुझे.’ नातवाचे पान तर केव्हाच खाली पडलेले असते, त्यामुळे आजोबा चुकले म्हणून तो खुशीत येईल. मग हातातल्या कॅटला हात न लावता खाली पडलेले ते अकरावे पान शांतपणे पालथे घाला.

बोटांची चिंता वाटेल तेव्हा अर्जेंटिनाचे रेने लावांद आठवावेत. वयाच्या नवव्या वर्षी अपघातात त्यांचा उजवा हात गेला आणि उरलेल्या डाव्या हाताने ते पत्त्यांचे जगविख्यात जादूगार झाले. त्यांचा हात अतिशय संथ चाले आणि तीच त्यांची खासियत मानली गेली. संथपणा आपल्याकडे आधीच आहे.

प्रश्न : सेलूहून लिहिते. माझा नऊ वर्षांचा मुलगा मोबाईलवर जादूचे व्हिडिओ पाहतो आणि जादूच्या साहित्याची पेटी मागतो. घ्यावी का?

उत्तर : ताई, एवढ्यात नको. पेटीतल्या वीस वस्तू तो दोन दिवसांत सर्वांना दाखवून मोकळा होईल आणि तिसऱ्या दिवशी ती पेटी माळ्यावर जाईल. एक पत्त्यांचा कॅट, हातभर मऊ सुती दोरी आणि काही रबरबँड एवढ्यावर त्याचे पहिले सहा महिने आरामात निघतात. व्हिडिओ पाहायला हरकत नाही. मात्र तो एक प्रयोग घरच्यांसमोर न अडखळता करत नाही, तोवर दुसरा व्हिडिओ नाही, एवढा नियम घाला. विस्तवाचे आणि तोंडात वस्तू धरण्याचे प्रयोग त्याच्या वाटेला येऊ देऊ नका.

प्रश्न : मी लातूरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाणे गायब करण्याची युक्ती शिकलो, पण वसतिगृहात दाखवली की मित्र लगेच ‘दुसऱ्या हातात आहे’ म्हणतात. नाही ओळखले, तर ‘परत कर’ म्हणून मागे लागतात. माझे कुठे चुकते?

उत्तर : बहुधा नजरेत चुकते. तुमच्या वर्णनावरून ती युक्ती ‘फ्रेंच ड्रॉप’ नावाची दिसते. डाव्या हाताचा तळवा आकाशाकडे, अंगठा आणि बोटांच्या टोकांत नाणे कडांनी धरलेले. उजवा हात वरून येतो, त्याचा अंगठा नाण्याखालच्या पोकळीत शिरतो, बोटे समोरून आडोसा करतात, आणि त्याच क्षणी नाणे डाव्या तळहातावर अलगद पडू द्यायचे. उजवा हात मात्र नाणे घेतल्यासारखा मिटून बाजूला न्यायचा. इथवर सगळे शिकतात. पुढच्या क्षणी नवशिक्याचे डोळे चोरासारखे डाव्या हाताकडे वळतात आणि डावी मूठ घट्ट आवळली जाते. जिकडे तुम्ही पाहाल, तिकडेच समोरचा पाहणार. म्हणून नजर उजव्या मुठीबरोबर जाऊ द्या आणि डावा हात सैल सोडून सहज खाली येऊ द्या.

यासाठी मी एक खटाटोप सांगतो. आरशासमोर आधी खरोखर नाणे घ्या, निदान पन्नास वेळा. खांदा किती हलतो, मूठ किती मिटते, तुम्ही कुठे पाहता, याची नोंद घ्या. नंतर खोटे घेणे त्या खऱ्या घेण्यासारखे दिसेपर्यंत करत राहा. आरशात पाहताना नेमक्या क्षणी आपलीच पापणी मिटते आणि चूक दिसत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा मोबाईलवर चित्रण करून तपासा. नाणे दहा रुपयांचे घ्यावे. सत्तावीस मिलिमीटर व्यासाचे हे दुरंगी नाणे लांबूनही ओळखू येते. काही दुकानदार ते घ्यायला कुरकुर करतात, पण ते चलनात आहे आणि जादूगाराच्या तर फारच कामाचे आहे.

‘परत कर’ला मात्र बळी पडू नका. पहिल्या वेळी काय होणार हे प्रेक्षकाला माहीत नसते, म्हणून कुठे पाहायचे हेही त्याला कळत नाही. दुसऱ्या वेळी दोन्ही कळते. ‘परत नको, याहून गमतीचे दाखवतो’ म्हणून पुढच्या प्रयोगाकडे वळा. त्यासाठी पुढचा प्रयोग तयार असावा लागतो.

मित्रांना युक्ती ठाऊक असली म्हणून सगळे संपले असेही नाही. माणूस करवतीने कापण्याचा प्रयोग लंडनच्या रंगमंचावर १९२१ मध्ये आला. पस्तीस वर्षांनी, १९५६ मध्ये, बंगालचे पी. सी. सरकार यांनी तो बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर केला, तेव्हा तो जुनाच होता. पण कापून झाल्यावर सरकारांनी सहायक मुलीला हाक मारली, ती हलली नाही, आणि निवेदकाने तिथेच कार्यक्रम आटोपता घेतला. मुलगी मेली या समजुतीने प्रेक्षकांनी बीबीसीकडे फोनची रीघ लावली. हा शेवट ठरवून केला होता की वेळ संपली होती, यावर जादूगारांत अजून गप्पा रंगतात.

प्रश्न : मी अंबाजोगाई तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलांना आणि त्यांच्या आयांना जादू दाखवावी असे वाटते, पण गावातले एक आजोबा म्हणाले, जादूविरुद्ध कायदा आहे, पोलीस धरतील. खरे आहे का?

उत्तर : आजोबांची गल्लत झाली आहे, आणि तिचा थोडा दोष आपल्या भाषेकडे जातो. करमणुकीच्या प्रयोगाला आपण जादू म्हणतो आणि करणीलाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळवणे, लोकांना फसवणे आणि दहशत बसवणे हेही त्यात गुन्हा ठरते. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. ‘ही हातचलाखी आहे, माझ्या अंगात कसली शक्ती नाही’ असे सांगून करमणुकीसाठी केलेला प्रयोग त्यात येत नाही. हे वाक्य सुरुवातीलाच म्हणावे. त्याने गंमत कमी होत नाही, उलट आता फसायचे नाही म्हणून आया अधिक निरखून पाहू लागतात. ‘ताई, माझ्या मुलाची दृष्ट काढून द्या’ असे कोणी म्हटले, तर तिथेच हसून नकार द्या आणि मूल आजारी असेल तर आरोग्य केंद्रात न्यायला सांगा.

पैठणच्या नाथांच्या भारुडांत गारुडीही येतो, तेव्हा खेळातून शहाणपण सांगण्याची रीत आपल्या भागाला नवी नाही.

प्रश्न : हिंगोलीत इलेक्ट्रिकची कामे करतो, वय चाळीस. दोन वर्षांच्या सरावानंतर गणेश मंडळाने अर्ध्या तासाचा कार्यक्रम दिला आहे. काय सांभाळू?

उत्तर : दादा, पहिली गोष्ट म्हणजे लोक कुठे बसणार हे आदल्या दिवशी जाऊन पाहा. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी ते पाहिले नाही. मंचामागच्या पडद्याची एक बाजू उघडी होती आणि तिथे चौथीची दहा-बारा मुले दाटीवाटीने बसली होती. नाणे गायब झाले, समोरून टाळ्या आल्या आणि मागून एक पोरगा ओरडला, ‘सर, डाव्या हातातच हाय की!’ पुढची पंधरा मिनिटे मी कशीबशी निभावली. आपल्याकडे प्रेक्षक तिन्ही बाजूंनी येतो, लहान मुले तर पार पायाशी येऊन बसतात. म्हणून तळहातात वस्तू लपवण्याचे प्रयोग कमी ठेवा आणि दोरीचे, बंद पाकिटातल्या भाकिताचे असे चहूकडून पाहिले तरी चालतील ते निवडा. रस्त्यावरचा मदारी गर्दीच्या गराड्यात उकिडवा बसून वाट्या-गोळ्यांचा खेळ करायचा; त्याच्या वाट्या उथळ आणि माथ्यावर गोंडा असलेल्या असत, तो गोंडा बोटांत धरून वाटी उचलतानाच गोळी आत जाई. असा खेळ मिळाला तर जरूर पाहून घ्या.

दिव्यांचे तुम्हाला मी काय सांगावे! हॅलोजन पाठीमागे नको, नाहीतर बारीक दोराही चमकतो. छोटी वस्तू आत लपवण्यासाठी अंगठ्यावर चढवायचा प्लास्टिकचा पोकळ ‘थंब टिप’ वापरणार असाल, तर बाजारात मिळणारे बरेचसे गुलाबी असतात; आपल्या रंगाचा शोधा किंवा रंगवून घ्या, आणि अंगठ्याचे टोक सरळ प्रेक्षकाकडे रोखून धरा, म्हणजे त्याची लांबी कळत नाही. मंडपात आग नको, साप तर नकोच; १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो बंद आहे. अर्ध्या तासाला सहा प्रयोग पुरतात, सर्वांत पक्का असेल तो शेवटी. ध्वनिक्षेपकाची वायर पायात येणार नाही एवढे मंडळाच्या पोरांकडून आधी पाहून घ्या. बाकी तुमची वायरिंग तुम्हीच जाणता.