प्रत्यार्पण नव्हे, प्रत्यर्पण. आणि मार्सेल्सला झाले ते तेही नव्हे

प्रश्न असा आहे: ‘सावरकरांच्या मार्सेल्स प्रकरणावर लेख लिहितो आहे. प्रत्यार्पण की प्रत्यर्पण? की सरळ हस्तांतरण म्हणू?’

प्रति + अर्पण = प्रत्यर्पण, म्हणजे एका देशाने रीतसर मागितलेला आरोपी दुसऱ्या देशाने कायद्याने परत देणे. संपले. बातम्यांत रोज कानी पडणारा ‘प्रत्यार्पण’ हा माझ्या मते आरोप-प्रत्यारोपांचा संसर्ग आहे. ‘प्रत्यारोप’मध्ये ‘आ’ मुळातच आहे, ‘अर्पण’मध्ये नाही. यावर ‘प्रति + आ + अर्पण’ अशी फोड करून दाखवणारे विद्वान भेटतात. त्यांनी देवाला एकदा फूल ‘आर्पण’ करून दाखवावे, मग बोलू. हस्तांतरण सदनिकेचे होते, माणसाचे नाही.

आता खरी गंमत. ८ जुलै १९१० रोजी सावरकर ‘मोरिया’ बोटीतून निसटून मार्सेल्सच्या धक्क्यावर पोचले. बोटीवरचाच कोणी पळतोय असे वाटून असेल, पण फ्रेंच पोलिसाने त्यांना धरले आणि पुन्हा बोटीवर नेऊन सोडले. ना अर्ज, ना न्यायाधीश. याला मराठीत नेमका शब्द आहे: हवाली करणे. त्या पोलिसाचा, पेस्कियेचा, हुद्दा ‘ब्रिगेडियर’. आपल्याकडचे लेखक त्याला थेट सेनाधिकारी करून टाकतात. फ्रेंच पोलिसांत हा हुद्दा फार तर हवालदाराचा! हवालदाराने हवाली केले, यापेक्षा नेटके वाक्य मला सुचत नाही.

हवाला, हवाली, हवालदार, हिंदीतली हवालात हे सगळे अरबी ‘ह-व-ल’ या धातूचे, म्हणजे पालटणे, एकाकडून दुसऱ्याकडे जाणे. ‘हाल’ही त्याच घरचा, आणि त्याचे अनेकवचन म्हणजे आपला सरकारी ‘अहवाल’. ‘हवालदिल’ मात्र या कुटुंबातला नाही, कोणी कितीही सांगो. तिथला ‘हौल’ म्हणजे धास्ती. अरबीत त्याचा ‘ह’च वेगळा, देवनागरीत दोन्ही एक झाले आणि हौशी व्युत्पत्तिकारांचे फावले.

पेशवाईतही हेच. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनानंतर १८१५ साली पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने दुसऱ्या बाजीरावाकडून त्याचा मर्जीतला कारभारी त्रिंबकजी डेंगळे मागून घेतला, तोही दडपणाखाली हवालीच झाला. (पुढच्याच वर्षी तो ठाण्याच्या किल्ल्यातून पळाला, हा भाग वेगळा.)

मग सावरकरांच्या बाबतीत प्रत्यर्पण कुठे? लंडनहून हिंदुस्थानात पाठवताना तर नाहीच. दोन्हीकडे राज्य इंग्रजांचेच, म्हणून १८८१ चा फरारी गुन्हेगारांचा कायदा लावला. प्रत्यर्पणाच्या कायद्यात राजकीय गुन्हेगाराला असलेली सूट या कायद्यात नव्हती, हे इंग्रजांच्या पथ्यावरच पडले. प्रत्यर्पण मागितले ते फ्रान्सने: आमच्या भूमीवरून नेलेला माणूस परत द्या. ‘प्रति’चा अर्थ इथे अक्षरशः लागू पडतो. हेगच्या आंतरराष्ट्रीय लवाद न्यायालयाच्या पाच लवादांनी २४ फेब्रुवारी १९११ रोजी निर्णय दिला की हवाली करण्यात अनियमितता झाली खरी, पण तेवढ्यावरून परत देण्याचे बंधन इंग्लंडवर येत नाही.

तेव्हा ‘इंग्लंडने प्रत्यर्पण करून घेतले’ हे वाक्य लेखात असेल तर आधी ते खोडा. ऱ्हस्व-दीर्घ नंतर पाहू.