नेटबंदीच म्हणा, 'खंडित' नको

अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यात सेवा केंद्र चालवणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. मागे तणावामुळे नेट बंद होतं, तेव्हा त्यांनी दारावर पाटी लावली: 'नेटबंदीमुळे सात-बारा, दाखले, पीक विमा बंद'. गावातल्या गुरुजींनी हटकलं. बंदी म्हणजे कैदी, त्यापेक्षा 'इंटरनेट सेवा खंडित' असं शुद्ध लिहा, म्हणाले. कोणाचं बरोबर?

तुमचं. पाटी होती तशीच राहू द्या.

हे 'खंडित' मी बातम्यांत आणि सरकारी पत्रकांत इतक्या वेळा वाचलं आहे की आता चीड येते. वादळात तार तुटली, खोदकामात केबल कापली गेली, तर सेवा खंडित झाली म्हणा, कोणाची हरकत नाही. पण गृहखात्याने सही-शिक्क्याचा आदेश काढून जिल्ह्याचं नेट थांबवलं, तर तिथे काय तुटलं? महावितरणही थकबाकीदाराचा पुरवठा 'खंडित केला' असं लिहितं, हे कोणी सांगायच्या आधीच मान्य करतो. पण आपल्याकडची साधी माणसं त्याला खंडित म्हणत नाहीत. वारं-पाऊस आलं की 'लाइन गेली', आणि बिल थकलं की 'लाइन कापली'. गेली आणि कापली यांतला फरक वऱ्हाडातल्या शेंबड्या पोराला कळतो. 'खंडित'मध्ये तो पुसला जातो आणि आदेश काढणारा दिसेनासा होतो. राशनच्या दुकानात अंगठा लागत नाही म्हणून माणसं रांगेतून रिकामी पिशवी घेऊन परत जातात, ती कोणामुळे, हे त्या शब्दातून कळत नाही.

नुसतं 'बंद'ही पुरत नाही. बंद पडतो, बंद होतो, आणि आपले पक्ष-संघटना बंद पुकारतात तो तिसराच. बंदी मात्र पडत नाही, ती घालावी लागते आणि उठवावी लागते.

आता 'नेटबंदी' हा शब्द किती नेमका आहे ते बघा. २०१७ पर्यंत आपल्या देशात नेट थांबवायला अनेक जिल्ह्यांत फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ वापरत. १४४ ला मराठीत म्हणतात जमावबंदी! चार माणसांनी चौकात जमू नये म्हणून असलेल्या कलमाने फोनवरचं जमणंही थांबवलं. म्हणजे नेटबंदी ही कायद्यानेच जमावबंदीची लेक. (ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं आहे.) ऑगस्ट २०१७ मध्ये दूरसंचार सेवांसाठी वेगळे नियम आले आणि हा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाकडे गेला. त्या नियमांच्या मराठीत 'निलंबन' आणतात. निलंबित कारकून होतो. गावाचं नेट कसलं निलंबित होतं?

गुरुजींच्या कैद्याकडे येतो. कैदी तो बंदी आणि मनाई ती बंदी, हे दोन शब्द मराठीत वेगळ्या वाटेने आले. मनाईची बंदी फारसी. फारसीत 'बस्तन' म्हणजे बांधणे, त्याचं वर्तमानाचं अंग 'बंद' आणि भूतकाळाचं 'बस्त'. इथे शुद्धतावाले लगेच उठतात: बंद हा मुळात संस्कृत 'बंध'च, फारसीला कशाला श्रेय? त्यांनी ध आणि द नीट ऐकावेत. संस्कृताकडून आलेल्या शब्दांत आपण ध सोडला नाही: बांधणे, बांधा, शेताचा बांध. द आला तो इराणी वाटेने: पायबंद, कमरबंद, नाकाबंदी, तटबंदी. फारसी बंद आणि संस्कृत बंध चुलतभाऊ आहेत, बापलेक नाहीत. उलट मला तर ठाम वाटतं की संस्कृतातला कैदी 'बन्दी'सुद्धा इराणी पाहुणा असावा. घरच्या 'बन्ध्' धातूतून हा द निघेल कसा? तेव्हा गुरुजी ज्याला शुद्ध समजतात, तोच मला परका वाटतो.

आणि तिसरी वाट तर खास आपल्या शिवारातली. तोच फारसी बंद इंग्रजांनी उचलला, त्याचा 'बंड' केला, आणि मृदसंधारणवाल्यांनी तो आपल्याला परत आणून दिला: नाला बंडिंग, कंटूर बंडिंग. रोजगार हमीवर गेलेली आपली म्हातारी माणसं 'बंडिंगचं काम' म्हणतात. धुऱ्यावर उभा शेतकरी 'बांध' म्हणतो तेव्हा संस्कृतचं घराणं बोलतो, 'बंडिंग' म्हणतो तेव्हा इराण आणि विलायत फिरून आलेलं.

खरी गंमत 'बंदोबस्त'मध्ये आहे. बंद-ओ-बस्त. त्या एका 'बस्तन'चीच दोन्ही अंगं शेजारी ठेवून केलेला शब्द! लग्नाचा बस्ता तोही हाच: बस्ता म्हणजे बांधलेलं, गाठोडं. आपण 'बस्ता बांधला' म्हणतो तेव्हा बांधलेलं पुन्हा बांधतो. पोलिसांचा बंदोबस्त सगळ्यांना ठाऊक आहे. पण नागपूर-चांद्याकडच्या जुन्या जमिनीच्या कागदांत 'बंदोबस्त मिसल' (मिसल म्हणजे दप्तर) असते, तिथे पोलीस नाही. तिथे बंदोबस्त म्हणजे शेतसारा ठरवून, लिहून, मुदत घालून बांधून टाकणं. जमाबंदी तीच. जमेवर मनाई नव्हे, जमेची बांधणी. तुम्ही रोज ज्या सात-बाराची प्रिंट काढता, त्याचं वरचं कार्यालय आजही जमाबंदी आयुक्तांचं आहे.

माझं म्हणणं असं की 'बंदी' या शब्दात मुळापासून कागद आणि मुदत आहे. वऱ्हाडची इंग्रजी काळातली जमाबंदी तीस वर्षांची असे. सरकार बांधलं जाई, कुणबीही बांधला जाई. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने 'काश्मीर टाइम्स'च्या संपादक अनुराधा भसीन यांच्या खटल्यात हेच मागितलं. ऑगस्ट २०१९ पासून काश्मीरचं नेट बंद होतं आणि आदेश समोर ठेवले जात नव्हते. न्यायालय म्हणालं, आदेश प्रसिद्ध करा, कारण असं द्या की त्याला आव्हान देता येईल, आणि बेमुदत बंदी चालणार नाही. २०१७ च्या नियमांतल्या नोव्हेंबर २०२० च्या दुरुस्तीने एका आदेशाला १५ दिवसांची हद्द घातली. म्हणून 'खंडित' लिहिणारा नुसती भाषा बिघडवत नाही, तुमच्या हातातला प्रश्नही काढून घेतो. खंडित झालेल्या गोष्टीचा आदेश कोण मागेल? बंदी म्हटलं की मागता येतो: कोणाची, कधीपर्यंत, कागद कुठे आहे? नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात संचारबंदी लागली आणि नेटही बंद केलं गेलं, तेव्हाही लोकांचे प्रश्न हेच होते.

पाटीवर आदेशाची तारीख आणि मुदतही घाला, म्हणजे गिऱ्हाइकाचा फेरा वाचेल.

जाता जाता, एका विद्वानांनी चंद्रपूरकडची बैलाची 'बंडी'ही या 'बंदी'त ओढली होती, चाकं दोरांनी बांधतात म्हणून. ती बंडी तेलुगूतून आलेली आहे, तमिळमधली 'वंडी' तिची बहीण. तिचा इथे काही संबंध नाही.