फडावर पहिल्यांदा जाताना

ऊसतोड मजुरांमध्ये, उसाच्या फडावर काम करायचं तर सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी मजुरांनी घेतलेल्या आगाऊ पैशांच्या वहीपासून कर. बीडहून टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, पण मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची उचल त्याच्या बरीच आधी घरात आलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी धरतात. किती उचल घेतली, किती टन तोडला, किती फिटली, हे त्यांच्या स्वतःच्या वहीत तारखेनिशी उतरव. हिशेब एकट्या मुकादमाकडे राहिला की हंगाम संपल्यावरही "बाकी आहे" म्हणून माणसं अडवली जातात.

तसं झालं तर 1976चा वेठबिगार निर्मूलन कायदा लाव. कर्जापायी कुणाला डांबता येत नाही, त्या कर्जाची बाकीही कायद्यानं संपते. अर्ज थेट प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे दे आणि सुटकेचा दाखला हाती आल्याशिवाय निघू नकोस. एकदा लेकरं रडत होती म्हणून मी घाई केली. पुढे त्या जोडप्याला दाखल्यासाठी फार हेलपाटे पडले, ते मला अजून डाचतं.

रेशन कार्ड आता देशात कुठेही चालतं. गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांचं धान्य तुटत नाही, वाटून घेता येतं, हे समजावून सांग.

बायकांशी मात्र वेगळं बोल, संध्याकाळी, कोपीपाशी, त्यांच्या पाचटाच्या झोपडीपाशी बसून. पाळीतही खाडा परवडत नाही, हे त्या पुरुषांसमोर सांगत नाहीत. 2019 साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर शासनाला समिती नेमावी लागली, ती अशाच दबलेल्या दुखण्यांमुळे. पहिल्या भेटीत वही काढू नकोस, नुसतं ऐक.