चित्रपटातील संवादांवरून पात्रांचा स्वभाव आणि नाती कशी ओळखावीत?

संवादांचे भाषिक विश्लेषण करून पात्रांमधील नाते उलगडता येते का, आणि येत असल्यास सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरात मराठी शिकवतो. विद्यार्थ्यांना मी आधी एवढेच सांगतो की, पात्र काय बोलते ते क्षणभर बाजूला ठेवा आणि ते समोरच्याला कसे संबोधते व ते संबोधन कधी बदलते, याची नोंद करा.

रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० साली युरोपीय भाषांतील द्वितीयपुरुषी सर्वनामांमागे सत्ता आणि जवळीक ही दोन सूत्रे दाखवली. आपल्या 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांनाही ती लागू पडतात. परंतु मराठीत सर्वनाम टाळण्याचीही मोठी सोय आहे. समजा, नवरा-बायकोचे भांडण झाले आहे. एरवी "अहो, जेवायला या" म्हणणारी ती आज स्वयंपाकघरातूनच म्हणते, "पान वाढलंय." थोड्या वेळाने तो विचारतो, "आमटी उरलीय का?" दोन्ही वाक्यांत कुठेही समोरचे माणूस नाही, फक्त पान आहे आणि आमटी आहे. पुढच्या दृश्यात तिच्या तोंडी नुसते "अहो" आले, तरी अबोला संपल्याचे प्रेक्षकाला कळते.

'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेदही असाच बारकाईने ऐकावा. नवी सून "आमच्याकडे आमटीत गूळ घालत नाहीत" म्हणते, तेव्हा तिचे घर अजून माहेरच असते. त्यावर सासू "आपल्याकडे घालतात" म्हणाली तर तिने सुनेला घरात घेतले आणि "आमच्याकडे घालतात" म्हणाली तर उंबऱ्याबाहेरच ठेवले.

बोलीबद्दल मात्र घाई करू नये. ग्रामीण बोली म्हणजे गरीब किंवा अडाणी पात्र, हा समज नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने (२०१६) मोडीत काढला. त्यात पाटलाची मुलगी आणि तिचा प्रियकर दोघेही करमाळ्याकडची बोली बोलतात. त्यामुळे त्यांच्यातील अंतर उच्चारांत शोधून सापडत नाही, ते कोण हुकूम सोडतो आणि कोण विचारतो यात सापडते. सोलापुरात तर एकच माणूस घरी तेलुगू, कारखान्यात मालकाशी मराठी बोलतो आणि चौकात मित्राला "काय बे" म्हणतो. अशा पात्राला राग कोणत्या भाषेत येतो, हे लेखकाला ठाऊक असायला हवे.

आपण एखादे दृश्य निवडून पात्रांची नावे झाकून संवाद वहीत उतरवा आणि चित्रपट न पाहिलेल्या व्यक्तीला कोण कोणाशी बोलते ते ओळखायला सांगा. जिथे अंदाज चुकेल, ते वाक्य पुन्हा वाचा. बहुधा तिथे लेखकाने पात्राच्या तोंडी पात्राची नव्हे, तर स्वतःचीच भाषा घातलेली असते.