टाकीत इंधन असतानाही छोट्या विमानाचं इंजिन हवेत बंद कसं पडतं?

इंधन असणं आणि ते इंजिनापर्यंत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायपर चेरोकी या छोट्या विमानात पायलटला डावी किंवा उजवी टाकी स्वतः निवडावी लागते. एक संपली आणि खटका फिरवायचा राहिला, की दुसरी भरलेली असूनही इंजिन थांबतं. सेसना १७२ मध्ये दोन्ही टाक्या एकदम चालू ठेवता येतात.

आपल्या गोव्याच्या दमट हवेत मला जास्त धास्ती पाण्याची वाटते. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आत दव धरतं. म्हणून सकाळी टाकीच्या तळातून पारदर्शक पेल्यात थोडं इंधन काढून बघतात: वर निळसर अ‍ॅव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) आणि खाली पाण्याचा बिनरंगी थेंब. तो दिसला तर निथळ इंधन येईपर्यंत काढत राहायचं. इंजिनाला कार्बोरेटर (हवेत इंधन मिसळणारा भाग) असेल तर अशा हवेत, २५ अंशांनाही, त्यात बर्फ धरू शकतो!

इंजिन बंद पडलं तरी विमान दगडासारखं कोसळत नाही. सेसना १७२ दर हजार फुटांमागे पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. म्हणजे पणजीवर ५,००० फुटांवर असाल, वारा नसेल, तर दाबोळी विमानतळ जेमतेम आवाक्यात.