जपानीतले इराइरा, नोम्बिरि, शिक्कारि असले शब्द लक्षात कसे ठेवायचे आणि वापरायचे कसे?

तुमची अडचण थोडक्यात अशी: जपानी भाषेच्या परीक्षेची एन-थ्री पातळी झाली, तिच्या वरच्या एन-टूची तयारी सुरू आहे, स्वभाव आणि मनःस्थिती सांगणारे हे शब्द यादी करून पाठ करता, पंधरा दिवसांत विसरता, आणि बोलायच्या वेळी भलताच शब्द तोंडात येतो. शिवाय सोमवारी जपानी साहेबांना "रविवारी गोरोगोरो केलंत का?" असं विचारलं तर चालेल का, हेही विचारलंय.

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात दुभाषी आहे, त्यामुळे दिवसभर हे शब्द कानावर पडतात. साहेबांचं आधी सांगते: नाही चालणार. गोरोगोरो म्हणजे घरात लोळत पडणं. साहेब स्वतःबद्दल ते हसत हसत म्हणतील, पण तुम्ही म्हणालात की "काय साहेब, नुसते लोळलात ना?" असं होतं. तुम्ही विचारायचं "युक्कुरि ओयासुमि नि नारेमाशिता का", निवांत विश्रांती मिळाली का.

सगळी गोम इथेच आहे. तोच माणूस, तोच रविवार, तोच सोफा. नोम्बिरि म्हटलं की दिवस सुखात गेला, गोरोगोरो म्हटलं की लोळण्यात गेला, आणि दारादारा म्हटलं की वाया गेला. घडलं तेच, फक्त बोलणाऱ्याचा शेरा बदलला. याद्यांमध्ये हा शेरा नसतो. तिन्हींसमोर 'आरामात' असं काहीतरी ठोकून दिलेलं असतं. निकोनिको हसणारा माणूस हसतमुख, नियानिया हसणाऱ्याच्या मनात काहीतरी शिजतंय. दुकानासमोर कुणी बुराबुरा करत असेल तर रमतगमत फिरतोय, उरोउरो करत असेल तर घुटमळतोय. एक तर वाट चुकलाय, नाहीतर त्याचा हेतू बरा नाही. तेव्हा नवा शब्द भेटला की अर्थाच्या आधी विचारा, हा कौतुकाचा की नापसंतीचा?

दुसरं बघायचं ते हे, की भावना आतून सांगितली जातेय की बाहेरून दिसतेय. इराइरा (चिडचीड), वाकुवाकु (आनंदाची उत्सुकता), दोकिदोकि (धडधड) हे आतले; व्याकरणात यांना गिजोओगो म्हणतात. नुसतं "इराइरा सुरु!" म्हटलं की चिडचीड तुमची स्वतःची. सहकारी चिडलाय असं सांगायचं तर "इराइरा शितेइरु". उलट मोजिमोजि (लाजून आढेवेढे घेणं), ओदोओदो (बिचकणं) हे बघणाऱ्याच्या डोळ्यांतले शब्द. मुलाखतीला आलेला मुलगा हाकिहाकि (स्पष्ट, चटपटीत) बोलला की आमचे साहेब खूश, मग त्याचं व्याकरण चुकलं तरी चालतं.

आता शिक्कारि. हा एक शब्द नीट आला तरी एन-टूपुरता जीव भांड्यात पडेल. मुळात पक्केपणा, घट्टपणा. बोल्टच्या बाबतीत "शिक्कारि शिमेते कुदासाइ" म्हणजे घट्ट आवळा. "शिक्कारि ताबेते" म्हणजे पोटभर, नीट जेवा. "शिक्कारि शिता हितो" म्हणजे भरवशाचा, जबाबदार माणूस; लहान मुलाबद्दल म्हटलं तर वयाच्या मानाने समजूतदार. आणि माणसाला उद्देशून "शिक्कारि शिते कुदासाइ" म्हटलं, की बेशुद्ध पडत चाललेल्याला तो धीर असतो आणि लाइनवर तीच चूक पुन्हा करणाऱ्याला ती झापणी असते. मी दुसऱ्या प्रसंगी "जरा लक्ष देऊन करा" एवढंच म्हणते. आवाजातला चढ साहेबांनी आधीच पोचवलेला असतो. याचे दोन शेजारी चान्तो आणि किचिन्तो. मराठीत तिघांनाही 'नीट'च म्हणावं लागतं, पण चान्तो म्हणजे जसं व्हायला हवं तसं, रोजच्या बोलण्यातलं, आई मुलाला म्हणते तसं. किचिन्तो म्हणजे जागच्या जागी, टापटीप, थोडं औपचारिक.

मराठी माणसाला खरं तर हे जड जायचं कारण नाही. आपण इंग्रजी अर्थांवरून शिकतो म्हणून अडतो. पटकन, धाडकन, खुदकन यांतलं 'कन' आठवा. जपानीत तीच कामगिरी 'तो' करतो: बातान्तो दार लागलं, सात्तो उठला. पिकापिका हिकारु म्हणजे चकचक चमकतं, आणि पिकापिका नि मिगाकु म्हणजे घासूनपुसून चकचकीत करणं. आपल्याकडे 'ईत' लागून जो फरक पडतो, तो तिथे आघाताने पडतो. क्रियेचं वर्णन असेल तर सूर पहिल्या 'पि'वर चढतो आणि लगेच उतरतो. परिणाम किंवा स्थिती असेल तर पहिल्या अक्षरानंतर चढलेला सूर खाली येत नाही. पेकोपेको घ्या. "ओनाका गा पेकोपेको दा", पोटात कावळे ओरडताहेत, हा सपाट. "पेकोपेको आतामा ओ सागेरु", लाचारासारखं वाकून वाकून नमस्कार करणं, यात पहिला 'पे' वर. हे पुस्तकात वाचून येत नाही, ऐकून मोठ्याने म्हणा.

पाठांतराचं म्हणाल तर शोगाकुकान या प्रकाशनाने २००७ साली काढलेल्या कोशात असे ४५०० शब्द आहेत, तेव्हा तो नाद सोडा. समजायला पुष्कळ हवेत, बोलायला मोजके पुरतात. सुरुवातीला होत्तो शिमाशिता (हुश्श झालं), बिक्कुरि शिमाशिता (दचकलो, चकित झालो), गाक्कारि शिमाशिता (हिरमोड झाला), सुक्किरि शिमाशिता (मोकळं वाटलं) एवढे घ्या. चारही स्वतःबद्दलचे, त्यामुळे कुणाला टोचत नाहीत. ॲनिमे बघत असाल तर 'त्सुन्देरे' माहीत असेलच. त्सुन्त्सुन (फटकून वागणं) आणि देरेदेरे (प्रेमाने लाडात येणं) यांची ती जोडणी, पण ऑफिसात नको.

वहीत शब्द एकटा लिहू नका, त्याचं क्रियापद बरोबर लिहा, शेजारी 'बरा' किंवा 'वाईट' एवढी खूण करा. कुयोकुयो (मनाला लावून घेऊन कुढत बसणं) हा बहुतेक वेळा नकारातच भेटतो, "कुयोकुयो शिनाइदे". साप्पारि तर नकाराबरोबर पार पालटतो. "साप्पारि शिता हितो" म्हणजे मनात काही न ठेवणारा मोकळा माणूस, आणि "साप्पारि वाकारानाइ" म्हणजे ओ की ठो कळत नाही. परीक्षेतही हे शब्द बहुधा रिकाम्या जागेत येतात, आणि तिथे उत्तर पुढचं क्रियापदच सांगून जातं.